ख्रिस्तराजाच्या सणाला मराठी रॅप: नाशिकच्या एका धर्मग्रामातलं प्रकरण

नाशिकमधल्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका कॅथलिक चर्चला जोडलेल्या भाविकांच्या वस्तीत, ख्रिस्तराजाच्या सणाच्या आदल्या शनिवारी युवकांचा कार्यक्रम ठरला होता. त्यात तीन मुलांनी मराठी रॅप करायचा प्रस्ताव दिला आणि त्यानंतर सण होईपर्यंत धर्मग्राम समितीच्या बैठकीत दुसरा विषय निघाला नाही. छताची गळती, स्मशानभूमीची भिंत, सगळं मागे पडलं.

इतिवृत्तात हा वाद असा नोंदला गेला: 'युवकांच्या कार्यात आजच्या लोकप्रिय संस्कृतीला स्थान द्यावे किंवा कसे'. इतिवृत्त मीच लिहिते, त्यामुळे हे वाक्यही माझंच. पण बैठकीत जे प्रत्यक्ष बोललं गेलं ते या वाक्यात मावत नाही. लोकप्रिय संस्कृती तर आमच्या चर्चमध्ये आधीपासून होतीच. भांडण होतं ते कोणाची संस्कृती आत येणार यावर. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि शेजारच्या धर्मग्रामांत दिसलेल्या एकदोन गोष्टी यातच मिसळल्या आहेत.

कोण कुठून आलेलं

नाशिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश, 1987 साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. पण आमचे लोक इथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. रविवारी सकाळी सातच्या मराठी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, येणारी बहुतेक घरं नगर जिल्ह्यातली: राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर. कोणी नोटांच्या छापखान्यात लागलं, कोणी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला ही घरं आजही टेम्पो करून जातात. नऊच्या इंग्रजी मिस्सेला गोवेकर, मंगळूरकर, तमिळ, मल्याळी. त्यांत देवळाली कॅम्पातले लष्करी आहेत, रेल्वेतले आहेत, शाळांमधले शिक्षक आहेत. शिवाय आताशा मराठी घरांतली इंग्रजी माध्यमाची मुलंही तिकडेच जातात. आईवडील सातला, मुलं नऊला. एका घरात दोन मिस्सा झाल्यात याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

पेठ-सुरगाण्याकडून नर्सिंग शिकायला आलेल्या वसतिगृहातल्या मुलीही आहेत. त्या सातला येतात, मागच्या बाकांवर बसतात आणि मिस्सा संपली की रांगेत निघून जातात. त्यांच्याकडे आम्ही वळू तेव्हा बराच उशीर झालेला असेल. या लेखातही तसंच होणार आहे.

कार्यक्रम ख्रिस्तराजाच्या सणाला जोडून ठेवण्याचं कारण साधं आहे. धर्मप्रांतांच्या पातळीवरचा जागतिक युवा दिन पूर्वी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, असायचा. पोप फ्रान्सिस यांनी तो 2021 पासून ख्रिस्तराजाच्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरात, आणला.

बैठक

कार्यक्रमाचे दोन भाग होते. पहिल्या भागात नऊच्या मिस्सेचा क्वायर, म्हणजे गायकवृंद, 'प्रेझ अँड वर्शिप' नावाची भक्तिगीतं गाणार होता. गिटार, कीबोर्ड, ड्रमसेट, पडद्यावर गाण्यांचे शब्द. गाणी जवळजवळ सगळी अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या प्रॉटेस्टंट मेगाचर्चमधून आलेली. हा भाग चहाचे कप फिरेपर्यंत मंजूर झाला. 'छान असतं ते, मुलं गुंततात,' एवढीच चर्चा.

दुसरा भाग म्हणजे रॅप. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या पुत्राची गोष्ट, सोबत हलगी. त्यावर दीड तास गेला.

एक गृहस्थ म्हणाले, हे गल्लीतलं आहे, देवळात गल्ली आणू नका. एक बाई म्हणाल्या, ढोल-हलगी वाजली की बाहेरच्यांना वाटेल आपण कोणाची तरी नक्कल करतोय. एकाने लिस्बनचा दाखला दिला. 6 ऑगस्ट 2023 ला जागतिक युवा दिनाच्या समारोपाच्या मिस्सेआधी, मैदानात झोपलेल्या लाखो मुलांना गिल्येर्म पेशोतो नावाच्या पोर्तुगीज धर्मगुरूंनी चक्क डीजे सेट वाजवून उठवलं होतं. 'तिथे चालतं तर इथे का नाही?' लगेच दुसऱ्याने इटलीतलं बोलोन्या काढलं. 1997 मध्ये तिथल्या युकॅरिस्टिक काँग्रेसमध्ये, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या सन्मानार्थ भरणाऱ्या कॅथलिक मेळाव्यात, अमेरिकन गायक बॉब डिलन पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर गायले. पोपनी त्यांच्याच गाण्यातल्या प्रश्नाचा धागा धरून तरुणांना उपदेश केला. कार्डिनल रॅट्झिंगर मात्र त्या कार्यक्रमाबद्दल साशंक होते, आणि पुढे स्वतः पोप झाल्यावर त्यांनी ते लिहूनही ठेवलं. म्हणजे एका मंचाविषयी दोन पोपांची दोन मतं. हा दाखला दोन्ही बाजूंनी वापरता येतो आणि बैठकीत तो तसा वापरलाही गेला.

थॉमस स्टीफन्सही आलेच. आमच्या सभांत स्टीफन्स ज्याला हवे त्याच्या बाजूने उभे राहतात. 1579 साली गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मगुरू. पुराणं ऐकून वाढलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्याने ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं. रॅपवाल्यांच्या बाजूचे म्हणाले, ओवी म्हणजे त्या काळचं लोकांच्या तोंडचंच. विरोधक म्हणाले, ओवीला शिस्त आहे, या बडबडीला काय आहे? मला पहिल्यांचं पटतं, पण अर्धंच. स्टीफन्सने ओवी उचलली ती मराठीत मुरल्यावर. त्याचा ग्रंथ वाचताना हा माणूस नवखा आहे असं जाणवत नाही. आपले युवा कार्यकर्ते पुष्कळदा उलटं करतात: चार व्हिडिओ बघतात आणि मुलांपुढे टोपी उलटी घालून उभे राहतात. मुलं तोंडावर हसत नाहीत एवढंच. इथे निदान रॅप करणारी मुलं स्वतः त्यातच वाढलेली होती, कोणी मोठ्याने त्यांच्यासाठी आणलेलं सोंग नव्हतं.

मुलांना शब्द वाचून दाखवायला सांगितलं. त्यातला एक तुकडा टिपणांत आहे (बिटको आणि द्वारका हे नाशिकमधले चौक):

बापाकडनं वाटा घेतला, गाडी काढली सुसाट,
बिटकोपासून द्वारकेपर्यंत आपलाच थाट,
पैसा सरला, दोस्त सरले, उरली नुसती वाट,
म्हातारा मात्र फाटकात उभा, बघत होता वाट.

'म्हातारा' या शब्दाला हरकत आली. तो बाप म्हणजे देवपिता, त्याला म्हातारा म्हणायचं? यावर वीसएक मिनिटं गेली. एका शिक्षकांनी विचारलं, विठ्ठलाला तोंडावर शिव्या देणाऱ्या संतांची ही भाषा, तिला म्हातारा कसा काय जड झाला? हशा झाला आणि शब्द राहिला.

त्याच बैठकीत मला एक गोष्ट खटकली, ती तेव्हा बोलले आणि इथेही लिहिते. मराठी मुलांचे शब्द आपण ओळ न् ओळ तपासले. क्वायरच्या गाण्यांची नुसती यादीसुद्धा कोणी मागितली नाही. गाणी इंग्रजीत आहेत, गिटारवर आहेत, म्हणजे ती आपोआप सभ्य आणि आपोआप कॅथलिक, असं आपण सगळ्यांनी धरून चाललो होतो. खरं पाहता कॅथलिक शिकवणीपासून दूरची कुठली गोष्ट असेल तर ती लूकच्या शुभवर्तमानावरच्या रॅपपेक्षा त्या यादीत सापडण्याची शक्यता जास्त.

हलगी

रॅप मंजूर होईल असं दिसू लागलं तेव्हा समितीतले सगळ्यात वयस्क सभासद बोलले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. छापखान्यातून निवृत्त, राहुरीकडचे. तोवर ते गप्प होते.

'गाणं म्हणा,' ते म्हणाले. 'हलगी नको.'

फादर वसईकडचे. त्यांनी भाबडेपणाने विचारलं, 'हलगी म्हणजे ढोलकीच ना, अण्णा?'

मग अण्णांनी सांगितलं. हलगी म्हणजे गोल कड्यावर ताणलेलं चामडं. ती आधी जाळावर शेकायची, तेव्हा सूर चढतो, मग दोन काठ्यांनी वाजवायची. गावगाड्यात ती त्यांच्या घराच्या वाट्याला आलेली होती. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, बोलावणं आलं की जायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. सगळ्यांच्या पुढे वाजवत चालायचं आणि जेवताना सगळ्यांच्या मागे, लांब बसायचं. नगर जिल्ह्यात मिशनरी आले, दुष्काळांच्या काळात आणि त्यानंतर कुटुंबंच्या कुटुंबं बाप्तिस्मा घेऊन गेली. कोणी गावकीची कामं लगेच सोडली, कोणी पिढीभराने. पुढे आंबेडकरी चळवळीनेही गावकीची असली कामं टाकायला सांगितलं. अण्णांच्या वडिलांनी हलगी खाली ठेवली तो दिवस घरात सणासारखा सांगितला जायचा.

'आमच्या बापानं ती खाली ठेवली,' अण्णा म्हणाले, 'तुम्ही उचलता?'

हलगी वाजवणारा मुलगा त्यांच्याच भाऊबंदांतला, चुलत नातू लागणारा. दिवसा कॉलेज, संध्याकाळी घरपोच जेवण पोचवायचं काम. त्याने हलगी गावाकडे शिकलेली नव्हती. मोबाइलवर पथकांचे व्हिडिओ बघून आणि एका मित्राच्या पथकात जाऊन शिकला होता. त्याच्या पिढीला हलगी म्हणजे अंगावर काटा आणणारा ठेका. तो उद्धटपणे बोलला नाही. 'अण्णा, आता आपण ती आपल्या मर्जीने वाजवणार. कोणी बोलावलं म्हणून नाही.'

अण्णा म्हणाले, 'मर्जी तुझी रे. बघणाऱ्याला काय दिसेल, ते तुझ्या मर्जीवर नाही.'

या दोन वाक्यांवर समितीत कोणाकडेही उत्तर नव्हतं. अण्णांचा विरोध 'पाश्चात्त्य' किंवा 'आधुनिक' गोष्टीला नव्हता, ड्रमसेटला त्यांनी हात वर केला होता. तो कर्मठपणाही नव्हता. ज्याला बाकीचे लोक तरुणांची नवी चाल म्हणत होते ते त्यांना फार जुनं वाटत होतं, आणि बाप्तिस्म्याने सुटलेलं वाटत होतं. मुलाचंही खोटं नव्हतं. एखाद्या गोष्टीची लाज आपल्यावर लादलेली असेल, तर ती गोष्ट मान वर करून हातात घेणं हाही सुटण्याचाच एक रस्ता आहे, आणि महाराष्ट्रात कितीतरी कलावंत त्या रस्त्याने गेलेत. क्वायरच्या गिटारला असली कुठलीही आठवण चिकटलेली नाही. म्हणून ती चहाबरोबर मंजूर होते.

'लोकप्रिय संस्कृती स्वीकारावी' असं म्हणणारे आणि 'नाकारावी' असं म्हणणारे दोघेही ती बाहेरून आलेली वस्तू धरून चालतात, दुकानातून घ्यायची किंवा नाही घ्यायची. आमच्या बैठकीत ती घरातूनच निघाली.

निर्णय

फादरांनी निर्णय एका फटक्यात दिला नाही. आधी जागा वेगळ्या केल्या. मिस्सा वेगळी, रविवारची साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची, मिरवणूक वेगळी, शनिवारचा कार्यक्रम वेगळा.

मिस्सेत रॅप नाही. यावर कोणी वाद घातला नाही, मुलांनीही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट म्हटलंय की उपासनेत स्वतःच्या मनाने भर घालायचा किंवा वजा करायचा अधिकार कोणालाही नाही, धर्मगुरूलाही नाही. त्याच दस्तऐवजाने मिशनच्या देशांतल्या लोकांच्या संगीताला मानाचं स्थान द्यायला सांगितलंय आणि ऑर्गनखेरीज इतर वाद्यंही, उपासनेला साजेशी असतील तर, चर्चच्या अधिकाऱ्यांच्या संमतीने चालतील असं म्हटलंय. त्याआधी साठ वर्षं, 1903 मध्ये, पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोल-झांजांसारखी वाद्यं बंद केली होती. आज आमच्या मराठी मिस्सेत पेटी, तबला, टाळ असतात आणि ज्येष्ठ मंडळी त्यांना 'आपली परंपरा' म्हणतात. आरती आणि अंजली-हस्तासारख्या बारा गोष्टींना रोमने 1969 मध्ये भारतासाठी परवानगी दिली तेव्हा त्यावरही देशभर भांडणं झाली होती. परंपरेचं वय पाहिलं तर काही वेळा ते आपल्यापेक्षाही कमी निघतं. तरीही मिस्सा हे प्रयोग करण्याचं ठिकाण नाही हे मला मान्य आहे. तिथे मुलं जे मागतात ते नवं संगीत नसतं. बहुतेकांची तक्रार प्रवचनाच्या लांबीबद्दल असते.

मिरवणुकीत नेहमीची भजनं. शनिवारच्या कार्यक्रमाला मोकळीक. फादरांनी पोप फ्रान्सिस यांचं 2019 चं युवकांसाठीचं पत्र काढलं. तरुणच तरुणांच्या सेवेचे कर्ते आहेत, त्यांना सोबत करा पण नव्या वाटा शोधायला मोकळं सोडा, असं त्यात आहे, आणि संगीताचं महत्त्व वेगळं सांगितलंय. व्यवहाराच्या अटी तीन: लाउडस्पीकरची परवानगी काढून रात्री दहाच्या बऱ्याच आधी आटपायचं; अठराच्या आतल्या मुलांचे व्हिडिओ पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत; रील चर्चच्या नावाने नको.

हलगीबद्दल मात्र फादरांनी हुकूम दिला नाही. अण्णा आणि तो मुलगा दोघांना आपल्या खोलीत बसवलं आणि स्वतः बाहेर गेले. तासाभराने दोघे बाहेर आले. तोडगा निघालेला नव्हता. मुलगा एवढंच म्हणाला की या वेळी हलगी राहू दे. नाराज होता, लपवलं नाही. ढोलकी घे म्हटलं तर तीही नको म्हणाला.

शनिवार आणि त्यानंतर

मुलांनी फोनवरच्या ठेक्यावर रॅप केला, एकाने तोंडाने ताल धरला. 'बघत होता वाट' या ओळीला शिट्ट्या पडल्या. सातच्या मिस्सेचे आईवडील, जे युवकांच्या कार्यक्रमाला सहसा फिरकत नाहीत, ते मागे उभे राहून ऐकत होते. आपली मुलं चर्चच्या माइकवर मराठीत बोलताहेत हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. क्वायरचा भागही चांगला झाला. हॉलच्या दारावर कार्लो अकुतिसचं चित्र लावलेलं, लाल टी-शर्ट आणि पाठीवर सॅक. 7 सप्टेंबर 2025 ला संत घोषित झालेला, संगणकात रमणारा मुलगा. मुलं त्याच्यासोबत फोटो काढत होती. ॲनिमे बघणाऱ्या एका मुलाच्या पाण्याच्या बाटलीवर लुचेचं स्टिकर होतं. 2025 च्या ज्युबिली वर्षासाठी व्हॅटिकनने काढलेली ही पिवळ्या रेनकोटातली बाहुली. पण त्यालाच विचारलं तर म्हणाला, 'चित्र भारी आहे म्हणून लावलं.' व्हॅटिकनची मेहनत बाटलीपर्यंत पोचली होती, पुढचं काम इथल्या माणसांचं.

अटी घातल्या तरी कोणीतरी रील टाकलीच. तिच्याखाली धर्मांतरावरून घाणेरड्या प्रतिक्रिया आल्या, दोन दिवस सगळे घाबरून होते, शेवटी ती काढली. ज्या बाईंनी 'बाहेरच्यांना काय वाटेल' म्हटलं होतं त्यांचं भय अगदीच पोकळ नव्हतं.

समितीतला उत्साह पुढे ओसरला, कारण युवा गटाच्या पुढच्या बैठकीला जुनेच चेहरे होते. रॅप करणाऱ्यांपैकी एकही नाही. इथे 'बघा, गर्दी तमाशाला येते, प्रार्थनेला नाही' असं म्हणणं सोपं होतं आणि म्हटलंही गेलं. मी त्या मुलांना विचारलं. बैठक रविवारी इंग्रजी मिस्सेनंतर, अकराला. दोघं त्या वेळी कामावर असतात. तिसरा एकदा गेला होता. सगळं इंग्रजीत चाललेलं. त्याला कळत होतं, बोलता येत नव्हतं. त्यामुळे तासभर गप्प बसून परत आला. म्हणजे आम्ही दीड तास वाजवण्यावर घालवला आणि दार बंद होतं ते वेळापत्रकाने आणि भाषेने. युवासेवेत नवी संस्कृती आणायची की नाही याच्या आधी हा प्रश्न यायला हवा होता: रविवारी अकराला कोण मोकळं असतं?

आता महिन्याआड एक बैठक शनिवारी रात्री आठला, मराठीत होते. संख्या फार नाही. पण तिथे ती मुलं बोलतात: नोकरीबद्दल, आंतरधर्मीय प्रेमाबद्दल, पापनिवेदनाला जायला का नको वाटतं त्याबद्दल. रॅपचा विषय क्वचितच निघतो.

वसतिगृहातल्या मुलींना रात्री आठला बाहेर पडायची मुभा नाही. त्यांनी सिस्टरांमार्फत निरोप पाठवला: पुढच्या वर्षी आम्हाला पावरीवर नाचायचंय, आमच्याकडे लग्नात वाजते तशी, मोठ्या स्पीकरवर. पावरी म्हणजे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य. त्यांना याआधी कोणी विचारलंच नव्हतं. समितीत यावर 'बघू' झालंय.

एक नियम मात्र लागू झाला. यापुढे कुठल्याही कार्यक्रमाच्या गाण्यांचे शब्द, मराठी असोत वा इंग्रजी, आधी फादरांकडे द्यायचे. क्वायरच्या मुलीने पहिल्यांदाच पूर्ण यादी शब्दांसकट दिली. एका गाण्यात प्रभुभोजन म्हणजे नुसती आठवण, असा अर्थ होता. आमच्या श्रद्धेनुसार ख्रिस्तप्रसाद ही खूण नसून ख्रिस्ताचं खरंखुरं शरीर आहे. फादरांनी त्यावर रेघ मारली. ती म्हणाली, 'फादर, हे तर आम्ही कधीपासून कम्युनियनला गातोय.' मी इतिवृत्तात लिहिलं: 'सदर गीत स्थगित.' हलगीचा विषय त्याच पानावर, वरच्या ओळीत, 'प्रलंबित' म्हणून आहे. अण्णांनी स्वतः तो काढून टाकू नका असं सांगितलंय.